जूनच्या आधी मंडळीच्या शाळेचं काय काय पाहून ठेवायचं

मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, शाळा समितीवर नव्यानं आलेल्यांसाठी लिहितोय. आपल्या विदर्भात उन्हामुळं शाळा बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटी उघडते, तेवढे दिवस हातात आहेत, ते वाया घालवू नका.

सगळ्यात पहिले पासबुकं टेबलावर काढा, शाळेचं वेगळं, ट्रस्टचं वेगळं, मंडळीच्या दानाचं वेगळं, आणि कोणत्या खात्यातला पैसा कुठं गेला ते पेन्सिलीनं खुणा करत पहा. मी खजिनदार झालो तेव्हा आमच्याकडं चर्चच्या छपराचे टिनं शाळेच्या फीमधून आणि मास्तरांचा पगार नाताळच्या दानातून असं चाललेलं, कोणी एक रुपया खाल्ला नव्हता, सगळी देवभीरू माणसं, पण ऑडिटला कोणालाच उत्तर देता येईना आणि त्यावरून मंडळीत जे दोन तट पडले ते अजून एकमेकांशी बोलत नाहीत. उसनं घ्यायचंच असलं तर ठराव लिहा, तारीख टाका, परत कधी ते लिहा, आणि पाळकसाहेबांना एकट्याला सही करायला लावू नका, त्यांच्यावरही तो अन्यायच होतो.

मग महिन्यांचा हिशोब. जूनमध्ये पालकाचा पैसा बियाण्या-खतात जातो, फी येते ती सोयाबीन विकलं की किंवा कापसाचा चुकारा हातात पडला की, म्हणजे दिवाळीच्या आगेमागे. आता धरा विनाअनुदानित आठ शिक्षक आहेत, प्रत्येकी १२ हजार, महिन्याचे ९६ हजार, तर जुलै ते नोव्हेंबर पाच महिन्यांचे ४ लाख ८० हजार खात्यात आहेत का? नसतील तर आत्ताच बसून बोला, शिक्षकांना ऑगस्टमध्ये सांगू नका. आणि फीचे हप्ते चुकाऱ्याप्रमाणं पाडून द्या, जूनमध्ये पोराला वर्गाबाहेर उभं करून पैसा येत नाही, पोरगं तेवढं शाळा सोडतं. फी वाढवायची असली तर या वर्षी उशीर झाला, २०११ च्या फी कायद्यानं प्रस्ताव पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढं सहा महिने आधी ठेवावा लागतो, डिसेंबरच्या डायरीत लिहून ठेवा.

अनुदानावर असाल तर संचमान्यतेसाठी (पटावरून शिक्षकांची पदं मंजूर होतात ती) पटावरच्या पोरांचे आधार एकेक करून जुळवा, नाव किंवा जन्मतारखेत फरक निघाला की पट कमी दिसतो आणि शिक्षक अतिरिक्त ठरतो. अनुदानाचा टप्पा २०, ४०, ६० टक्के कोणताही असो, उरलेला पगार संस्थेच्या डोक्यावर आहे, तो कुठून येणार ते बजेटमध्ये लिहा. अल्पसंख्याक दर्जाचं प्रमाणपत्र कुठं आहे तेही शोधा, ते नसलं तर १९७७ च्या सेवाशर्ती कायद्यातली मुख्याध्यापक आणि आणखी तीन जण स्वतः निवडायची सूट मागणार कोणत्या तोंडानं.

जमिनीचा कागद मात्र स्वतः जाऊन पहा. मिशनच्या काळातली जागा नझूल (सरकारी जमिनीच्या) लीजवर असेल तर नूतनीकरण कधी आहे, आखीव पत्रिकेवर (प्रॉपर्टी कार्डावर) नाव कोणाचं आहे, कारण १९७० मध्ये नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं, सहा चर्च एक झाली, पण कागद आपोआप बदलत नाहीत. रस्त्याकडची जागा गाळ्यांसाठी तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीनं द्यायची तर धर्मादाय आयुक्तांची परवानगी आधी. विश्वस्त बदलले असतील तर तिथंच बदल अर्ज ९० दिवसांत. परदेशी देणगी येत असेल तर ती फक्त दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यात, आणि वार्षिक विवरण ३१ डिसेंबरच्या आत.

शेवटी हजेरीपटावरून रिटायर होणाऱ्यांची यादी करा. शिक्षकांना ग्रॅच्युइटी लागू आहे, दर वर्षाला १५ दिवसांचा पगार, महिना २६ दिवसांचा धरून, म्हणजे १२ हजारांवर २० वर्षं काढलेल्या बाईंचे जवळपास १ लाख ३८ हजार होतात. आमच्या इथं निरोप समारंभात शाल-नारळ दिला आणि हा पैसा द्यायला अकरा महिने लागले, त्या बाई दर महिन्याला ऑफिसात येऊन बसायच्या. त्याचं रिकरिंग खातं याच महिन्यात उघडा.