जुन्या फ्लॉपीवरील डॉसची आवृत्ती कशी ओळखावी

वडोदऱ्यात रावपुऱ्यातील जुन्या घराच्या माळ्यावर साडेतीन इंची फ्लॉपींचा डबा हाती लागला, तर प्रत्येक फ्लॉपीच्या कोपऱ्यातील खिटी सरकवून छिद्र आधी उघडे करावे, म्हणजे तिच्यावर चुकूनही काही लिहिले जाणार नाही. फ्लॉपीवरील डॉसने, म्हणजे संगणक चालवणाऱ्या जुन्या मूलभूत प्रणालीने, संगणक सुरू झाल्यास ‘व्हर’ (VER) ही आवृत्ती सांगणारी आज्ञा द्यावी. न झाल्यास फाइलींची यादी दाखवणाऱ्या ‘डिर’ (DIR) या आज्ञेने ‘कमांड डॉट कॉम’ (COMMAND.COM) या फाइलची नोंद पाहावी. 6.22 आवृत्तीत या फाइलची वेळही 6:22 अशीच असते, आणि मला ही खूण सर्वांत भरवशाची वाटते.

नावाकडेही नीट लक्ष द्यावे. टिम पॅटरसन यांनी 1980 मध्ये लिहिलेली ही प्रणाली आधी क्यूडॉस, मग 86-डॉस म्हणवली गेली. 1981 मध्ये मायक्रोसॉफ्टने ती विकत घेतल्यावर आयबीएमच्या यंत्रांवर ती पीसी-डॉस, तर इतरांच्या यंत्रांवर एमएस-डॉस झाली. उपफोल्डर 1983 च्या 2.0पासून आले. 6.21 मात्र जपून ठेवावी: स्टॅक कंपनीशी झालेल्या पेटंटच्या वादामुळे तिच्यातून डबलस्पेस, म्हणजे डिस्कवरील माहिती दाबून जागा वाचवणारी सोय, काढावे लागले, आणि 6.22मध्ये त्याच्या जागी ड्राइव्हस्पेस आले.

आवृत्ती निश्चित झाली की लेबलवर पेन्सिलीने न लिहिता, कारण तिची भुकटी आत जाते, फेल्ट पेनाने आकडा लिहावा.