संडास तुंबलाय, मालक ऐकत नाही: महाराष्ट्रातल्या भाडेकरूने काय करावं?

आधी बिघाड कुठे आहे ते बघा. नहाणी ट्रॅपची (मोरीतलं पाणी जिथून जातं त्या भोकाची) जाळी उचलल्यावर केसांचा-साबणाचा गोळा निघाला आणि पाणी सरळ गेलं, तर ते काम आपलंच. पण फ्लश केल्यावर मोरीतून घाण पाणी वर येत असेल, तर चोकअप पुढच्या लाईनमध्ये किंवा चेंबरमध्ये आहे. तिथे ॲसिड ओतत बसू नका. व्हिडिओ काढा आणि प्लंबरकडून कारण दोन ओळींत लिहून घ्या.

मग करार काढा. पागडीचं (एकदाच मोठी रक्कम देऊन कमी भाड्यावर घेतलेलं) किंवा जुन्या भाड्याचं घर असेल, तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ चं कलम १४ बघा. करारात वेगळं ठरलं नसेल, तर घर राहण्याजोगं ठेवणं मालकाचंच काम. अकरा महिन्यांचं लिव्ह अँड लायसन्स असेल तर मात्र करारात दुरुस्तीबद्दल काय लिहिलंय, त्यावरच सगळं येतं. म्हणून सही करण्याआधीच "ड्रेनेज, गळती आणि प्लंबिंगची मोठी कामं मालकाकडे" ही ओळ घालून घ्या. फ्लॅट सोसायटीत असून बिघाड बाहेरच्या सामाईक पाईपात असेल, तर सोसायटीला पत्र मालकाला द्यायला लावा, कारण सभासद तो आहे.

फोनवरच्या "बघतो, बघतो"वर विसंबू नका. स्पीड पोस्टाने नोटीस पाठवा. कलम १४ लागू असेल तर असं लिहा: "अमुक तारखेपासून संडासाची लाईन तुंबली आहे, १५ दिवसांत दुरुस्त करा, नाहीतर कलम १४ प्रमाणे आम्ही काम करून खर्च भाड्यातून वळता करू." पोचपावती जपून ठेवा.

कायद्याने किमान १५ दिवसांची नोटीस लागते. त्यानंतर वाजवी वेळेतही काम झालं नाही, तर भाडेकरू स्वतः करू शकतो. पण वर्षभरात वळती करायची रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शापेक्षा जास्त नको. भाडं महिना ५०० असेल तर फक्त १,५०० रुपये! एवढ्यात सामाईक संडासाचा पाईप बदलत नाही. म्हणून चाळीत सगळ्यांनी मिळून नोटीस द्यावी. तेवढंच भाडं भरणारी २० बिऱ्हाडं एकत्र आली की ३०,००० होतात. प्रत्येक बिल, प्रत्येक व्हाउचर ठेवा. खर्चाचा हिशेब त्यावरच ठरतो.

बाकीचं भाडं थकवू नका, मालकाला घर खाली करून मागायला आयतं कारण मिळतं. उलट त्यानेच पाणी किंवा सफाईची सोय तोडली, तर कलम २९ खाली कोर्टात जाता येतं. मुंबईत लघुवाद न्यायालयात.

आणि मैलापाणी जिन्यात, गल्लीत साचलं असेल तर १५ दिवस थांबू नका. त्याच दिवशी वॉर्ड ऑफिसात तक्रार करा, मुंबईत महापालिकेच्या १९१६ वर फोन करा आणि तक्रार क्रमांक नोटिशीत लिहा.