आयुष्य वाढवणाऱ्या गोळीची बातमी आली की आधी काय बघायचं

दिवाळीत काकांकडे गेले होते तर फ्रीजवर एक पांढरा डबा, टॉरिनच्या (शरीरात असणारा, अमिनो आम्लासारखा एक पदार्थ) 60 कॅप्सूल, प्रत्येकी 500 मिलिग्रॅम. म्हटलं काका हे काय नवीन, तर म्हणे अगं तुला माहीत नाही? उंदरांचं आयुष्य दहा-बारा टक्क्यांनी वाढलंय, मोठ्या जर्नलमध्ये आलंय, आपल्या भारतीय माणसानेच शोधलंय. आणि खरंच आलंय हो. जून 2023, सायन्स जर्नल, कोलंबिया विद्यापीठातले विजय यादव आणि त्यांची टीम. म्हणजे काका फेकत नव्हते. गोची अशी की बातमी खरी निघाली म्हणून डबा कामाचा ठरत नाही, मधे बरंच काही असतं आणि नेमकं तेच फॉरवर्डमध्ये गाळलेलं असतं. मी बायोकेमिस्ट्री शिकवते, त्यामुळे नातेवाईकांचे असले मेसेज तपासून देणं हे माझं बिनपगारी काम झालंय, म्हटलं एकदाच लिहून ठेवू म्हणजे दर वेळी फोनवर अर्धा तास जाणार नाही. मी डॉक्टर नाही, औषध चालू-बंद करायचं ते तुमच्या डॉक्टरांना विचारून.

सगळ्यात आधी शोधायचं की जगलं कोण. यीस्ट, जंत, माशी, उंदीर, माकड की माणूस? बातमीच्या मथळ्यात हे कधीच नसतं, चौथ्या-पाचव्या परिच्छेदात कुठेतरी लपलेलं असतं. रेड वाइनमधलं रेझवेराट्रॉल आठवतंय का? 2003 मध्ये यीस्टवर ते चाललं, 2006 मध्ये उंदरांवर, पण ते उंदीर भरपूर चरबीचं खाणं देऊन लठ्ठ केलेले होते. त्या जोरावर 2008 मध्ये ग्लॅक्सोने सर्ट्रिस नावाची अख्खी कंपनी 72 कोटी डॉलरला विकत घेतली. आणि साधं खाणं खाणाऱ्या उंदरांना तेच दिलं तर आयुष्य काही वाढेना. लठ्ठ उंदराला लठ्ठपणाच्या त्रासातून थोडं वाचवणं वेगळं आणि म्हातारपण लांबवणं वेगळं, पण मथळा दोन्हीला एकच देतात.

उंदीर असेल तर पुढचं काम सोपं आहे, कारण अमेरिकेत यासाठीच एक व्यवस्था आहे आणि मला ती फार आवडते. तिचं नाव इंटरव्हेन्शन्स टेस्टिंग प्रोग्राम, थोडक्यात आयटीपी, चालवते तिथली सरकारी नॅशनल इन्स्टिट्यूट ऑन एजिंग. एकच औषध एकाच वेळी तीन ठिकाणी तपासतात, मेन राज्यातली जॅक्सन लॅबोरेटरी, मिशिगन विद्यापीठ आणि टेक्सासमधलं सॅन अँटोनियो. उंदीरही मुद्दाम सरमिसळ जातीचे घेतात, म्हणजे एकाच घराण्याच्या उंदरांचा काही खास दोष असेल तर त्याने निकाल फिरायला नको. तुमच्या डब्यावरचं नाव आणि आयटीपी एवढं गुगलला टाका, बऱ्याचदा दोन मिनिटांत उत्तर मिळतं. रेझवेराट्रॉल, काही नाही. निकोटिनामाइड रायबोसाइड, जे एनएडी (पेशींना ऊर्जेसाठी लागणारा एक रेणू) वाढवतं म्हणून महाग विकतात, आयुष्यावर काही नाही. नुसतं मेटफॉर्मिन, म्हणजे डायबेटिसची नेहमीची गोळी, लक्षात घेण्यासारखा फरक नाही. ग्रीन टीचा अर्क नाही आणि हळदीतलं करक्युमिनही नाही (सांगलीकरांनी मनाला लावून घेऊ नये, भाजीत हळद घालायला कुणाची ना नाही).

मग चाललं काय? रॅपामायसिन. 2009 मध्ये नेचरमध्ये आलं तेव्हा सगळ्यांचे डोळे मोठे झाले, कारण औषध सुरू केलं तेव्हा उंदीर 600 दिवसांचे होते, म्हणजे माणसाच्या हिशोबात साधारण साठीला आलेले, आणि तरीही ते जास्त जगले, माद्या 14 टक्के आणि नर 9 टक्के. आता हे वाचून कुणी मेडिकलवाल्याकडे धावू नका प्लीज. हे औषध मुळात किडनी बदललेल्या पेशंटला देतात, शरीराने परकी किडनी नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबायला. तोंडात फोड येतात, कोलेस्टेरॉल वाढू शकतं. उंदीर पिंजऱ्यात स्वच्छ जागी राहतो, तो पावसाळ्यात एसटी स्टँडवर उभा राहत नाही.

त्या टक्क्यांवरून अजून एक सांगते. 14 टक्के म्हटलं की आपण मनात लगेच ऐंशी गुणिले 14 करून मोकळे होतो. तसं नसतं. तो आकडा 90 टक्के उंदीर मरेपर्यंत किती दिवस गेले त्याचा आहे, सरासरीचा नाही. काही पेपरमध्ये मध्यक आयुष्य देतात, म्हणजे निम्मे उंदीर मेले तो दिवस, काहींमध्ये कमाल. दोन पेपरचे आकडे शेजारी ठेवायच्या आधी कुठला आकडा कशाचा हे बघा. नर-मादी वेगळं दिलंय का तेही बघा, अकार्बोज हे डायबेटिसचं औषध नरांमध्ये मध्यक आयुष्य 22 टक्क्यांनी वाढवून गेलं आणि माद्यांमध्ये जेमतेम 5. आणि मला स्वतःला सगळ्यात जास्त उपयोगी पडलेली गोष्ट म्हणजे औषध न दिलेले उंदीर किती दिवस जगले ते शोधायचं. नीट सांभाळलेला धडधाकट उंदीर साधारण 900 दिवसांच्या आसपास जातो. जर पेपरमध्ये बिनऔषधाचे उंदीर सातशेतच गार झाले आणि औषधवाले आठशेवर पोचले, तर औषधाने म्हातारपण लांबवलं म्हणायचं की मुळात वाईट ठेवलेल्या उंदरांना थोडं सावरलं म्हणायचं?

आता डोस. इथे कॅल्क्युलेटर काढायचा, मी काकांसमोर जेवणाच्या टेबलावर काढला होता. टॉरिनच्या त्या अभ्यासात उंदरांना रोज दर किलो वजनामागे 1000 मिलिग्रॅम दिलं होतं. उंदराचा डोस माणसाला तसाच्या तसा लावत नाहीत, अंदाज काढायला त्याला 12.3 ने भागतात, कारण छोट्या प्राण्याचं शरीर औषध फार भराभर वापरून टाकतं. 1000 भागिले 12.3 म्हणजे साधारण 81. काकांचं वजन 64 किलो, गुणलं की 5200 मिलिग्रॅम. म्हणजे रोज दहा कॅप्सूल. काका घेत होते एक, सकाळी, चहानंतर. म्हटलं काका, अभ्यासाच्या हिशोबाने गेलात तर हा डबा सहा दिवसांत संपेल, आणि तुमच्या हिशोबाने गेलात तर तुम्ही अभ्यासातलं काहीच घेत नाही आहात. काकू आतून म्हणाल्या, दहा-दहा घेऊ नका हो आता! बरोबर आहे, हा हिशोब डोस ठरवायला नाहीच, माणसात इतकं वर्षानुवर्षं घेतलं तर काय होतं हे त्या उंदरांनी सांगितलेलं नाही. हिशोब फक्त डब्याचा आणि पेपरचा काही संबंध आहे का एवढं बघायला.

टॉरिनची गोष्ट इथे संपली नाही. मूळ म्हणणं असं होतं की वय वाढतं तसं रक्तातलं टॉरिन घटतं, म्हणून ते भरून काढा. जून 2025 मध्ये त्याच सायन्समध्ये एनआयएच या अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांचा पेपर आला, त्यांनी अमेरिका आणि स्पेनमधल्या माणसांचं, शिवाय माकडांचं आणि उंदरांचं रक्त बघितलं तर टॉरिन वयानुसार घटत नव्हतं, बरेचदा होतं तेवढंच राहत होतं किंवा वाढत होतं. आणि त्यांच्याकडे त्याच त्याच माणसांचे वर्षांच्या अंतराने घेतलेले नमुने होते. हा मुद्दा पकडून ठेवा. आजचे ऐंशीचे आजोबा आणि आजचा विशीतला नातू यांची तुलना केली तर आजोबा चार इंच बुटके निघतील, म्हणून माणूस म्हातारपणी चार इंच आखडतो असं म्हणाल का? थोडं आखडतो, पण बाकी फरक लहानपणी दूध किती मिळालं याचा. एकाच माणसाला वर्षानुवर्षं मोजलंय की वेगवेगळ्या वयाची वेगवेगळी माणसं एकदाच मोजलीत, एवढं बघितलं की अर्ध्या बातम्या तिथेच ढेपाळतात.

माणसांवरचा अभ्यास असेल तर पबमेड या वैद्यकीय पेपर शोधायच्या साइटवर जा, फुकट आहे, नाव टाका आणि डावीकडे रँडमाइज्ड कंट्रोल्ड ट्रायलवर (म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडून तुलना केलेली चाचणी) टिक करा. शेकडो निकालांतले दहा-बारा उरतील, कधीकधी शून्य. मग सारांश वाचा आणि त्याच्या खाली हितसंबंधांबद्दल लिहिलेलं असतं ते वाचा, संशोधकाचे त्याच गोळीच्या कंपनीत शेअर असतील तर पेपर खोटा ठरत नाही पण आपण जरा सावरून बसावं. भारतात चालू असलेल्या चाचण्या बघायच्या तर सीटीआरआय ही सरकारी नोंदवही आहे, 2009 पासून तिथे नोंद सक्तीची आहे.

टक्क्यांची दुसरी फसवाफसवी माणसांच्या औषधात होते. अल्झायमरचं लेकानेमॅब घ्या, मथळा होता आजाराचा वेग 27 टक्के कमी. खरं आहे. पण आतले आकडे असे की 18 गुणांच्या मोजपट्टीवर दीड वर्षात सलाईनमधून औषधासारखं दिसणारं पण औषध नसलेलं काहीतरी मिळालेले लोक 1.66 ने घसरले आणि औषधवाले 1.21 ने. फरक 0.45. दर दोन आठवड्यांनी हाताला सुई आणि मेंदूला सूज येण्याचा धोका, त्यासाठी वरचेवर एमआरआय. ज्यांच्या घरात हा आजार आहे त्यांना 0.45 सुद्धा मोलाचा वाटू शकतो, मी कोण ठरवणारी, पण ठरवताना 27 टक्क्यांच्या सोबत 0.45 पण समोर हवा ना.

अभ्यास कुणावर झालाय हे विसरू नका, आपल्यासाठी ते फार महत्त्वाचं आहे. पुण्याच्या केईएमचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन या दोघांचा 2004 मध्ये लॅन्सेटमध्ये शेजारी शेजारी फोटो छापून आला होता, दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, अगदी सारखा, 22.3. अंगातली चरबी मोजली तर युडकिन 9.1 टक्के आणि याज्ञिक 21.2 टक्के! दिसायला दोघंही सडपातळ. त्यामुळे गोऱ्या लोकांवर ठरवलेलं वजन, कमरेचा घेर, साखरेचा धोका आपल्याला जसाच्या तसा लावता येत नाही.

हल्ली अजून एक निघालंय, तुमचं खरं जैविक वय सांगणारी किट. थुंकी पाठवा, रिपोर्ट येतो, तुम्ही 52 चे पण शरीर 46 चं. यामागचं शास्त्र पक्कं आहे, स्टीव्ह होर्वाथने 2013 मध्ये डीएनएवरच्या 353 जागांच्या खुणांवरून वय काढून दाखवलं होतं. पण पुढे संशोधकांनी एकच नमुना दोनदा तपासला तर नावाजलेल्या घड्याळांमध्येही (वय काढायच्या अशा पद्धतींना घड्याळ म्हणतात) दोन उत्तरांत 9 वर्षांपर्यंत फरक दिसला. माझ्या मैत्रिणीने सप्लिमेंटआधी एक आणि नंतर एक टेस्ट केली, चार वर्षं कमी आली म्हणून पेढे वाटले. मी पेढा खाल्ला, बोलले काही नाही.

आणि शेवटी घरात आधीच काय चालू आहे ते बघा, कारण नव्या गोळीपेक्षा जुनी गोळी जास्त त्रास देते कधीकधी. काकांच्या ड्रॉवरमध्ये एस्पिरिन सापडली, रोज एक, कुणी सांगितली तर स्वतःच, हृदयाला चांगली असते म्हणून. ॲस्प्री नावाची चाचणी झालीय, ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेतली 19,114 धडधाकट म्हातारी माणसं, रोज 100 मिलिग्रॅम, निकाल 2018 मध्ये आले. धडधाकट जगण्याची वर्षं वाढली नाहीत, मोठा रक्तस्राव मात्र वाढला, दर वर्षी हजारात 6.2 वरून 8.6. पण थांबा, हार्ट अटॅक येऊन गेलाय किंवा स्टेंट आहे त्यांची गोष्ट पूर्ण वेगळी, त्यांनी हे वाचून गोळी बंद केली तर जिवावर बेतेल. काकांना यातलं काही नव्हतं, तरी मी त्यांना बंद करा म्हटलं नाही, सगळे डबे एका पिशवीत घालून डॉक्टरांकडे न्या म्हटलं. नावं सांगू नका, डबेच न्या, कारण डब्यावर मागे बारीक अक्षरात काय काय मिसळलंय ते असतं आणि सप्लिमेंट असेल तर औषधी वापरासाठी नाही असंही छापलेलं असतं. ते काकांनी माझ्यासमोर भिंग लावून वाचलं आणि मग दोन मिनिटं गप्प बसले.

डॉक्टरांनी एस्पिरिन बंद केली, टॉरिनवर नुसतं हसले आणि बीपी घेतलं तर 158. आता फ्रीजवर टॉरिनच्या जागी बीपीचं मशीन आहे. परवा काकांनी ग्रुपवर नवीन लिंक टाकली, शंभरी गाठायचा कुठलासा नवा उपाय, आणि खाली स्वतःच लिहिलं, उंदीर, फक्त नर, बिनऔषधाचे किती दिवस जगले ते दिलेलं नाही.