चहाचे वाडगे बघताना आधी खाली वाका

जपानी चहाविधीची जुनी भांडी संग्रहालयात बघायला गेलात, तर वरवर बघून पुढे सरकू नका. गुडघ्यात वाकून नजर वाडग्याच्या बुडाशी न्या. झिलई जिथे थांबते, तिथे बरेचदा उघडी माती दिसते. सोळाव्या शतकातल्या चोजिरो या जपानी कुंभाराचा राकू शैलीतला वाडगा चाकाशिवाय, नुसत्या हातानं घडवलेला. त्याचा किंचित वाकडा काठ याच उंचीवरून कळतो.

टोकियो राष्ट्रीय संग्रहालयातला ‘बाकोहान’ हा फिकट हिरवा चिनी वाडगा तर बुडाजवळच तडकलाय आणि धातूच्या टाक्यांनी सांधलाय. टाके टोळासारखे दिसतात, म्हणून हे नाव. मला तो त्या टाक्यांमुळेच जास्त देखणा वाटतो! मात्र तिथली मांडणी अधूनमधून बदलते, तेव्हा निघण्यापूर्वी संकेतस्थळावर खात्री करून घ्या.