सी फॉरमॅट केला आणि डी गेला

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा सपोर्ट संपला, तेव्हापासून ठाण्यात आमच्या टेबलावर जुनी मशीन थांबत नाहीत. कुणाला विंडोज ११ हवं असतं, ज्यांच्या मशीनला ते चालत नाही त्यांना लिनक्स मिंट. दुरुस्तीच्या कामात नव्याने आलेल्यांसाठी हे लिहितेय. बूटेबल पेनड्राइव्ह, बूट ऑर्डर, एमबीआर आणि जीपीटी हे तुम्हाला येत असणार, त्यात वेळ घालवत नाही.

मी कामाला लागून तीन महिने झाले होते. नौपाड्यातल्या एका सोसायटीचे सेक्रेटरी काका सीपीयू घेऊन आले. विंडोज ७ काढून १० टाकायचं होतं. म्हणाले, "सगळं डीमध्ये आहे, तू सी बिनधास्त उडव." मी उडवला. इन्स्टॉलेशन मध्येच अडकलं. दुकानातले दादा म्हणाले, पेनड्राइव्ह बदल. तीन बदलले. क्विक फॉरमॅट दर वेळी काही सेकंदांत होत होता, बायोसमध्ये स्मार्ट स्टेटस, म्हणजे डिस्कने स्वतःच ठेवलेली तब्येतीची नोंद, ओके होतं, म्हणून डिस्कवर माझा संशयच गेला नाही. रात्री दोन्ही ड्राइव्हना चेकडिस्क स्लॅश आर ही विंडोजची डिस्क-तपासणी लावली आणि कळव्याला घरी गेले. सकाळी डिस्क टक-टक वाजत होती. बायोसला ती दिसेना.

इथे जरा थांबते, कारण मी नेमकी इथेच फसले. सी आणि डी या बहुतेक वेळा दोन डिस्क नसतात. एकाच डिस्कवर आखलेली ती दोन शेतं. डिस्क धडधाकट असेल तर सी फॉरमॅट करून डी सुरक्षित राहतो, हे खरं. पण आजारी डिस्कमध्ये तेच हेड, तीच मोटर दोन्हीकडे राबते. सीवर कष्ट पडले की डीचंही आयुष्य कमी होतं. क्विक फॉरमॅट फक्त फाइलींची नवी नोंदवही मांडतो, बाकीचा पृष्ठभाग तपासतच नाही. स्मार्टचं 'ओके' म्हणजे कंपनीने ठरवलेली मर्यादा अजून ओलांडलेली नाही, इतकंच. आणि चेकडिस्क स्लॅश आर प्रत्येक सेक्टर, म्हणजे डिस्कवरचा छोट्यात छोटा कप्पा, वाचायला लावतो. मरायला टेकलेल्या डिस्कला रात्रभर धावायला लावलं मी.

म्हणून आधी क्रिस्टलडिस्कइन्फो या स्मार्टच्या नोंदी दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ०५, सी५ आणि सी६ हे आकडे पाहा. ०५ म्हणजे खराब ठरवून बदललेले सेक्टर, सी५ म्हणजे वाचता न आल्यामुळे निकालाची वाट पाहणारे, सी६ म्हणजे दुरुस्त न होणारे. सी५ शून्याच्या वर दिसला की इन्स्टॉलेशन विसरा, आधी डेटा बाहेर काढा. रॉ आकडे तिथे मुळात हेक्साडेसिमलमध्ये दिसतात, सेटिंग बदलून साधे करून घ्या.

घाबरू मात्र नका. दर वेळी डिस्कच मेलेली असते असं नाही. फक्त सी७, म्हणजे केबलवरून डेटा जाताना झालेल्या चुकांचा आकडा, वाढत असेल तर बहुतेक वेळा साटा केबलच सैल किंवा खराब असते. केबल बदला. जुना आकडा खाली येणार नाही, तो पुढे वाढत नाही ना एवढं बघा. अशी कितीतरी मशीन मी त्याच दिवशी परत दिली आहेत.

डेटा काढायला लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून डीडीरेस्क्यू हे बिघडलेल्या डिस्कची नक्कल काढणारं सॉफ्टवेअर चालवा. ते सहज वाचता येणारा भाग आधी उचलतं, अडणारा मागे ठेवतं, आणि कुठवर वाचलं ते टिपून ठेवणारी मॅपफाइल दिली असेल तर मध्येच थांबलं तरी तिथूनच पुढे जातं. टक-टक ऐकू आली तर तेही नको. वीज बंद करा आणि डिस्क रिकव्हरी लॅबला द्या. फ्रीजरमध्ये ठेवायचा उपाय कुणी सांगितला तर ऐकू नका, आत दव धरतं. आणि माझं ठाम मत आहे: जो शिकवणारा आधी डिस्कला कान लावायला सांगत नाही, त्याच्या हाताखाली एकट्याने गिऱ्हाइकाचं मशीन उघडू नका.

काका रागावले नाहीत, त्यामुळे मला जास्त लागलं. सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची होती, हातात तीन आठवडे होते. सोसायटीच्या ऑफिसात बसून मी तीन रविवार छापील वह्यांवरून मेंटेनन्सच्या नोंदी पुन्हा टाइप केल्या. काका एकेक पान वाचून दाखवायचे. रिडेव्हलपमेंटचा जुना पत्रव्यवहार स्कॅन करून डीमध्ये ठेवला होता, त्याची मूळ पानं कुणाकडेच नव्हती. तो गेला.