सर्व्हिस पिस्तूल आणि त्याचा ट्रिगर: निवडताना या चुका टाळा

नव्या पिस्तुलांची खरेदी निघाली की बैठकीत आधी कॅलिबरवर वाद होतो, मग कंपनीवर, मग किमतीवर. ट्रिगरचा विषय निघतो तो चहा आल्यावर, आणि "हलका बरा की जड बरा", म्हणजे ओढायला जोर कमी लागावा की जास्त, एवढ्यावरच मिटतो. मुंबईत पोलिसांना पिस्तूल शिकवण्यात माझी नोकरी गेली. आता निवृत्त आहे, तरी फोन येतातच: "उस्ताद, कुठलं चांगलं?" प्रश्नच अर्धवट आहे. पिस्तूल कोणाच्या हातात जाणार, त्या हाताला आधी कशाची सवय आहे आणि वर्षाला किती राउंड मारायला मिळणार, एवढं न विचारता जो उत्तर देतो त्याला काहीतरी विकायचं असतं.

जुन्या पिस्तुलाची सवय तशीच नव्यावर नेणे

सगळ्यात जास्त वेळा पाहिलेली चूक हीच, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

ईशापूरच्या रायफल फॅक्टरीचं नाइन एमएम 1ए आपल्याकडच्या कित्येकांनी वर्षानुवर्षं कमरेला बांधलं. मूळ घराणं ब्राउनिंग हाय-पॉवरचं, म्हणजे 1935 सालचं. दुसऱ्या महायुद्धात कॅनडाच्या इंग्लिस कंपनीने जी हाय-पॉवर बनवली, त्यांच्यावरून आपलं पिस्तूल आलं. 13 राउंडची मॅगझीन, सिंगल अ‍ॅक्शन ट्रिगर. हॅमर, म्हणजे मागचा घोडा, आधीच मागे ओढलेला असेल तरच ट्रिगर काम करणार. त्यात आणखी एक खुबी आहे: मॅगझीन बाहेर काढली की ट्रिगर निकामी होतो. चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला, राउंड असला तरी गोळी सुटत नाही.

बनवणाऱ्याने हे चांगल्या हेतूनेच केलं. पण याचा परिणाम असा झाला की माणसांच्या डोक्यात, त्याहून जास्त हातात, "मॅगझीन काढली म्हणजे पिस्तूल रिकामं" हे पक्कं बसलं. ग्लॉकच्या घराण्यातल्या स्ट्रायकर पिस्तुलांत, म्हणजे बाहेर हॅमर नसलेल्या, आतल्या स्प्रिंगच्या पिनने गोळी मारणाऱ्या पिस्तुलांत, ही सोय सहसा नसते. मॅगझीन टेबलावर असो की खिशात, चेंबरमध्ये राउंड आहे आणि ट्रिगर दाबला, की गोळी सुटली.

एका पोलीस ठाण्यात (नाव नको, माणसं अजून नोकरीत आहेत) अशी नवी पिस्तुलं आली. रात्रपाळी संपवून एक हवालदार हत्यार जमा करायला आला. डोळे तारवटलेले, कर्जत लोकल पकडायची घाई. मॅगझीन काढली, व्यवस्थित टेबलावर ठेवली, स्लाइड (नळीवरचा मागेपुढे सरकणारा भाग) ओढलीच नाही, आणि रिकामं असल्याचं दाखवायला ट्रिगर दाबला. गोळी लोखंडी कपाटाचं दार भेदून आत गेली आणि मुद्देमालाच्या नोंदवह्यांच्या गठ्ठ्यात रुतली. समोर बसलेला रायटर मिनिटभर पेन तसंच धरून बसला होता. कोणाला लागलं नाही हे नशीब. चौकशीत हवालदाराचं एकच म्हणणं: "साहेब, मॅगझीन बाहेर होती हो." तो खोटं बोलत नव्हता. त्याच्या हाताने जुन्या पिस्तुलावर बरोबर असलेलीच गोष्ट केली होती. दोष द्यायचाच तर नवं पिस्तूल सहीवर देऊन, अर्ध्या दिवसाचं लेक्चर ठोकून "ट्रेनिंग झालं" असं लिहिणाऱ्याला द्यायला हवा. त्याच्यावर मात्र कधी चौकशी बसत नाही.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं कोणी समजू नये. लॉस एंजेलिस काउंटीच्या शेरीफ खात्याने बेरेटा 92 सोडून स्मिथ अँड वेसनचं एम अँड पी घेतलं. बेरेटाची पहिली गोळी डबल अ‍ॅक्शनची, म्हणजे ट्रिगरच हॅमर मागे ओढून सोडतो, म्हणून लांब आणि जड, त्यामुळे बोट ट्रिगरवर टेकवून ठेवायची सवय खपून जायची. नव्या पिस्तुलाचा ट्रिगर तसा माफ करणारा नव्हता. 2012 मध्ये त्या खात्यात चुकून गोळी सुटण्याच्या 12 घटना होत्या, 2014 मध्ये 30 झाल्या. त्यातही बऱ्याच घटनांत पिस्तुलाला लावलेला टॉर्च पेटवायला गेलेल्या हाताने ट्रिगर ओढला होता. पैसा, रेंज, इन्स्ट्रक्टर, सगळं असलेल्या खात्याची ही गत.

माझी पद्धत जुनी आणि कंटाळवाणी आहे. मॅगझीन काढा, मग स्लाइड पूर्ण मागे ओढून अडकवा, मग डोळ्यांनी बघा, मग चेंबरमध्ये करंगळी घालून बघा. क्रम हाच. आधी स्लाइड ओढून मग मॅगझीन काढणारे महाभागही असतात. पहिला राउंड बाहेर उडतो, दुसरा गुपचूप आत जाऊन बसतो, आणि उडालेला राउंड हातात घेऊन माणूस निश्चिंत होतो. करंगळीवर नवी पोरं हसतात. नाकाबंदीवरून पहाटे परतल्यावर, मिणमिणत्या बल्बखाली, डोळ्यांपेक्षा करंगळीवर माझा जास्त विश्वास आहे. ग्लॉक तर साफसफाईला उघडतानाही ट्रिगर दाबावाच लागतो, म्हणजे हे काम रोजचं झालं. शिवाय नवं पिस्तूल दिलं की जुनं पूर्ण काढून घ्या. सोमवारी 1ए आणि गुरुवारी ग्लॉक असला खेळ एकाच माणसाच्या हाताशी करू नका.

जड ट्रिगर म्हणजे सुरक्षित पिस्तूल, असं मानणे

अपघात झाला की वरून हुकूम येतो: ट्रिगर जड करा. कागदावर उपाय झाला, फाइल बंद. न्यूयॉर्क पोलिसांनी हे मोठ्या प्रमाणावर करून पाहिलंय. रिव्हॉल्व्हरवरून आलेली माणसं हलक्या ट्रिगरला चुकतील म्हणून त्यांनी ग्लॉकचा ट्रिगर 12 पाउंडांचा, म्हणजे जवळपास साडेपाच किलोचा करून घेतला. नेहमीचा ग्लॉक अडीच किलोच्या आसपास असतो.

आता साधा हिशेब बघा. रिकामी मॅगझीन लावलेलं ग्लॉक 17 भरतं 700 ग्रॅमच्या आसपास. त्यावर साडेपाच किलोचा दाब एका बोटाने, तोही सरळ मागे, नळी इकडेतिकडे न हलवता द्यायचाय. रोज सराव करणाऱ्याला जमेल. वर्षातून एकदा रेंजवर जाणाऱ्याचं पिस्तूल दर गोळीला खाली आणि बाजूला झुकणारच. 24 ऑगस्ट 2012 ला एम्पायर स्टेट बिल्डिंगसमोर दोन पोलिसांनी एका बंदूकधाऱ्यावर अगदी जवळून 16 गोळ्या झाडल्या. तो मेला, पण रस्त्यावरचे 9 लोक पोलिसांच्याच गोळ्यांनी आणि त्यांच्या तुकड्यांनी जखमी झाले. गर्दी होती, समोरच्याने पिस्तूल रोखलेलं होतं, सगळं खापर ट्रिगरवर फोडता येणार नाही. पण त्या जड ट्रिगरवर तेव्हापासून जी टीका सुरू झाली ती थांबली नाही, आणि 2021 मध्ये त्या खात्याने नव्या भरतीला हलक्या ट्रिगरची पिस्तुलं द्यायला सुरुवात केली. दादर स्टेशनच्या पुलावर संध्याकाळी सात वाजता निशाणा दोन फूट हुकला तर काय होईल, हे मुंबईकराला वेगळं सांगायला नको.

आणि ज्या अपघातासाठी हा खटाटोप, तो तरी टळतो का? न ठरवता गोळी सुटण्याची तीन कारणं नेहमीची आहेत: माणूस दचकतो, त्याचा तोल जातो, किंवा दुसऱ्या हाताने काहीतरी घट्ट पकडताना या हाताची मूठही आवळली जाते. चाळीच्या अरुंद जिन्यात डाव्या हाताने आरोपीची कॉलर धरलीय, उजव्या हातात पिस्तूल आहे, आणि आरोपीने हिसका दिला. त्या क्षणी आवळलेल्या मुठीचा जोर साडेपाच किलोवर थांबत नाही. बोट ट्रिगरवर असेल तर जड ट्रिगरही जाणार, बोट बाहेर असेल तर हलकाही जाणार नाही.

म्हणून माझा सगळा भर बोटावर. नुसतं "बोट बाहेर ठेवा" असं ओरडून काही होत नाही, सगळे मान डोलावतात. मी डमी पिस्तूल देऊन दुसऱ्या हाताला काम लावतो. दार उघड, टॉर्च पेटव, वॉकी-टॉकीवर बोल, सहकाऱ्याची कॉलर धरून त्याला भिंतीला लाव. आणि मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत नाही, उजव्या हाताच्या तर्जनीकडे बघतो. ती स्लाइडवर सरळ पडलेली असली पाहिजे. पहिल्या दिवशी भल्याभल्यांची आत वळलेली सापडते, आणि विचारलं तर शपथेवर सांगतात की बाहेरच होती.

खेळाच्या ट्रिगरची हौस

याउलट टोकाची मंडळी. वरळीच्या रायफल रेंजवर किंवा कॉलेजात एअर पिस्तूल खेळून आलेली पोरं दलात येतात. स्पर्धेच्या 10 मीटर एअर पिस्तुलाला ट्रिगर किमान 500 ग्रॅमचा लागतो, 25 मीटरच्या स्पोर्ट पिस्तुलाला 1000 ग्रॅमचा. त्या मऊपणाची चटक लागली की सर्व्हिस पिस्तूल म्हणजे गंजका नळ वाटतो. मग यूट्यूब बघून कनेक्टर (ट्रिगर किती जड हे ठरवणारा आतला भाग) बदलायचे, स्प्रिंग कापायची, पॉलिश मारायचं. असं पिस्तूल माझ्याकडे आलं की मी ते सरळ आर्मररकडे पाठवायचो आणि मालकाला रजिस्टरसमोर उभा करायचो. सरकारी हत्यारात मूळ भागच राहतील. ज्याला अडीच किलोचा ट्रिगर झेपत नाही त्याने बोटाचा व्यायाम करावा.

डबल-सिंगल अ‍ॅक्शनची अर्धी ओळख

पहिली गोळी लांब आणि जड, पुढच्या सगळ्या आखूड आणि हलक्या. सेफ्टी खटक्याची कटकट नाही, पहिला ट्रिगर विचार करायला वेळ देतो. म्युनिकच्या 1972 च्या हत्याकांडानंतर जर्मन पोलिसांनी पिस्तुलांसाठी जे निकष ठरवले, त्यात पिस्तूल बाहेर काढून लगेच गोळी मारता यावी, वेगळा सेफ्टी खटका शोधावा लागू नये, यावर भर होता. त्यातून वाल्थर पी5, सिगचं पी6, हेक्लर अँड कॉखचं पी7 आलं. डोकं लावून केलेलं काम आहे. पण डबल-सिंगल पद्धतीत हाताला दोन ट्रिगर शिकावे लागतात, आणि पळायच्या आधी डीकॉक करायची, म्हणजे मागे राहिलेला हॅमर गोळी न सुटता खाली आणायची, सवय लागावी लागते. आपले लोक दोन गोळ्या मारून, हॅमर मागेच ठेवून आरोपीमागे धावतात. सराव देणार असाल तर खुशाल घ्या, नाहीतर पहिल्यापासून शेवटच्या गोळीपर्यंत एकसारखा ट्रिगर असलेलं स्ट्रायकर बरं. 1ए वाल्यांसाठी एक ओळ: त्याचा सेफ्टी खटका बारीक आणि कडक असतो, आणि डावखुऱ्याच्या अंगठ्याला तो मिळतच नाही. हे खरेदीनंतर कळून उपयोग नाही.

साहेबांच्या हाताने माप घेणे

ट्रायलला कोण जातं? सहा फुटी अधिकारी. पिस्तूल कोण वापरणार? महाराष्ट्र पोलिसांच्या भरतीत 30 टक्के जागा महिलांसाठी आहेत, आणि लहान हाताचे पुरुषही कमी नाहीत. पंजा नळीच्या सरळ रेषेत मागून घट्ट बसवा आणि बघा: बोटाचं पहिलं पेर ट्रिगरच्या मध्यावर पोहोचतं का? नुसतं टोक पोहोचत असेल किंवा पकड फिरवावी लागत असेल, तर ते पिस्तूल त्या हाताचं नाही. डबल अ‍ॅक्शनमध्ये पहिल्या गोळीला ट्रिगर आणखी पुढे असतो, तिथे ही अडचण दुप्पट. मुठीची मागची पट्टी बदलता येणारं पिस्तूल घ्या (ग्लॉकने ही सोय 2010 च्या चौथ्या पिढीपासून, म्हणजे जेन 4 पासून, दिली), आणि त्या पट्ट्या प्लास्टिकच्या पिशवीत कपाटात न ठेवता खरोखर बदला. ट्रायलला सगळ्यात लहान हाताच्या कॉन्स्टेबल ताईंना आधी बोलवा.

किरकोळ वाटणाऱ्या, पण महागात पडणाऱ्या

कॅलिबरचं वेड: 1986 च्या मायामीच्या चकमकीनंतर एफबीआय 9 एमएम सोडून 10 एमएमकडे गेली, मग .40 वर आली, आणि 2016 पर्यंत फिरून 9 एमएमवरच परतली. तुम्ही त्यांची फेरी पुन्हा मारू नका.

टेंडरमध्ये एका ओळीत पाउंड, दुसऱ्या ओळीत न्यूटन. दोन कॅटलॉगमधून उचललं की असं होतं. एकच माप धरा.

पावसाळ्यात तेलात बुडवलेलं पिस्तूल. नळी आणि स्लाइडला हलका हात पुरतो. स्ट्रायकरच्या बोगद्यात तेल घालायचंच नाही, तिथे चिखल होतो आणि पिन अडखळते.

चामड्याच्या होल्स्टरमध्ये महिनाभर ठेवलेलं हत्यार. ओलं चामडं आणि खारा वारा मिळून गंजाची सोय उत्तम करतात. ड्यूटी संपली की बाहेर काढा, दोन्ही वेगवेगळी वाळू द्या.

रेनकोटची नाडी. विसर्जनाच्या बंदोबस्तात ही भीती मला गोळीबारापेक्षा जास्त वाटायची. पिस्तूल होल्स्टरमध्ये घालताना कमरेच्या नाडीचा प्लास्टिकचा मणी ट्रिगर गार्डमध्ये शिरतो, आणि माणूस न बघता वरून दाबतो. होल्स्टरमध्ये घालायची घाई कधीच नसते. डाव्या हाताने रेनकोट बाजूला धरा, खाली बघा, सावकाश घाला. हॅमर असलेलं पिस्तूल असेल तर घालताना अंगठा हॅमरवर ठेवा, काही अडकलं तर लगेच कळतं.

पिस्तूल घेतलं, गोळ्या विसरल्या

26/11 नंतर नेमलेल्या राम प्रधान समितीनेही दारूगोळ्याच्या टंचाईमुळे फायरिंगचा सराव रखडल्याकडे बोट दाखवलं होतं. तरी अजून खरेदीच्या प्रस्तावात पिस्तुलांची संख्या मोठ्या अक्षरांत आणि सरावाच्या राउंडचा आकडा शेवटच्या पानावर. माझ्या हातात असतं तर मी पिस्तुलं कमी घेतली असती आणि उरलेल्या पैशाच्या गोळ्या. डमी राउंडही भरपूर. इन्स्ट्रक्टरने मॅगझीन भरायची, त्यात मध्येच एखादा डमी दडवायचा. खरी गोळी सुटेल असं समजून माणूस ट्रिगर ओढतो, गोळी सुटत नाही, आणि नळी किती खाली झुकली हे त्याला स्वतःला दिसतं. मग तो ट्रिगर बदलून मागायचं बंद करतो. ज्या दलाला एवढंही जमत नाही, त्याने नवं मॉडेल मागवण्याआधी आहे त्याच पिस्तुलावर वर्षभर हे करून बघावं.