क्लायनोमीटरचा तास का फसतो? दहावीच्या पोरांना मैदानात न्यायच्या आधी या चुका टाळा

कोनमापक, स्ट्रॉ, दोरा आणि खाली लोंबणारा एक नट, झाला क्लायनोमीटर, म्हणजे वर बघतानाचा कोन मोजायचं साधन, आणि ध्वजस्तंभाची उंची मोजायची म्हटलं की पोरं आनंदाने निघतातच. पहिल्या वर्षी मीही असाच वर्ग घेऊन गेलो, सगळे १० मीटरवर उभे, तर एका ग्रुपचं उत्तर १७ मीटर आणि दुसऱ्याचं पावणेसहा. खरी उंची सव्वासात.

उंची काढायला खांबापासूनचं अंतर गुणिले कोनाचा टॅन (त्रिकोणमितीतलं गुणोत्तर) करायचं, आणि त्यात डोळ्याची उंची मिळवायची. १७ वाल्यांनी दोरा ६० वर दिसला म्हणून टॅन ६० घेतला. पण स्ट्रॉ आडवी असते तेव्हा दोरा ९० वर असतो ना, म्हणजे उन्नत कोन (नजर आडव्या रेषेपासून जितकी वर उचलली तो कोन) ९० वजा ६०, ३० अंश. आणि गंमत म्हणजे कोन ४५ आला तर ही चूक कळतच नाही, कारण ९० मधून ४५ गेले तरी ४५च! त्यामुळे सरावाचं पहिलं माप मुद्दाम ४५ पासून लांबचं घ्यायला लावा.

पावणेसहा वाल्यांचा कोन बरोबर होता, फक्त डोळ्याची उंची मिळवायची राहिली, दीड मीटर तिथेच गेला. पुस्तकातल्या बऱ्याच गणितांत निरीक्षकाची उंची धरलेलीच नसते, मग पोरांना तरी कुठून सुचणार.

दुसरं म्हणजे फार जवळ उभं राहणं. ४ मीटरवरून ७० ऐवजी ७१ वाचलं की उंचीत ६३ सेंटीमीटरचा फरक पडतो, तेच ११ मीटरवरून ४५ च्या आसपास एक अंश चुकला तर ३९.

मोबाईलचा कॅल्क्युलेटर अंशांऐवजी रेडियनवर (कोनाचं दुसरं एकक) असेल तर टॅन ३७ उणे ०.८४ येतो, म्हणजे खांब जमिनीत 😄 डिग्रीवर आहे का ते टॅन ४५ काढून बघायचं, १ आला पाहिजे.

वारा असला की दोरा झुलत राहतो, नट जड घ्या. ग्रुप चौघांचा पुरे, एक बघणारा, एक वाचणारा, एक टेपवाला, एक लिहिणारा, आठ जण केले की चार जण क्रिकेट खेळतात.

आणि एक, खांबाआधी गॅलरीच्या कठड्याची उंची मोजायला द्या, वरून टेप सोडून खरं माप आधीच घेऊन ठेवायचं आणि सगळ्या ग्रुपची उत्तरं फळ्यावर येईपर्यंत कुणालाही सांगायचं नाही.